आयकोस्फिअरची पातळी वाढवली तरी गोल बिघडलेलाच दिसतोय? आधी व्हर्टेक्स मोजा

वीस ट्रँगलचा आयकोसाहेड्रॉन घ्यायचा, प्रत्येक ट्रँगलच्या तिन्ही कडांचे मध्य काढायचे, एकाचे चार करायचे, नवे पॉइंट गोलाच्या पृष्ठभागावर ढकलायचे, असं दोनतीन वेळा केलं की गोल तयार, हाच आयकोस्फिअर, आणि विभागणीची प्रत्येक फेरी म्हणजे एक पातळी. कागदावर एवढं सोपं आहे, पण कोडमध्ये उतरवताना घोडं हमखास पेंड खातं. कुणाच्या गोलाला भेगा पडतात, कुणाच्या गोलात त्रिकोणी भोकं दिसतात, कुणाचं पृथ्वीचं टेक्स्चर (गोलावर गुंडाळलेलं चित्र) एका उभ्या पट्टीत चुरगळतं, तर कुणाचा गोल कितीही ट्रँगल ओतले तरी पैलूदारच राहतो. आणि या सगळ्यावर पहिला इलाज म्हणून काय केलं जातं, तर पातळी एकाने वाढवली जाते.

तसं करू नका. पातळी वाढवून यातला जवळपास कुठलाच बिघाड जात नाही, तो फक्त बारीक होतो आणि नजरेआड जातो, आणि मग पुढे त्यावर डोंगर-दऱ्या चढवल्या किंवा कॅमेरा जवळ नेला की तोच बिघाड दसपटीने छळतो. गोल बिघडला की पातळी कमी करा, एक किंवा दोनवर आणा, आणि मेश, म्हणजे ट्रँगलची ही जाळी, स्क्रीनवर बघत बसण्याऐवजी तिचे आकडे काढा. आकडे बघितले की चूक कुठल्या खोलीत लपलीय ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

मोजायचं काय

शून्य पातळी म्हणजे नुसता आयकोसाहेड्रॉन धरू: १२ व्हर्टेक्स (कोपरे), ३० कडा, २० ट्रँगल. दर पातळीला ट्रँगल चौपट होतात, कडाही चौपट होतात, पण व्हर्टेक्स नेमके चौपट होत नाहीत कारण प्रत्येक कडेचा मध्य शेजारच्या दोन ट्रँगलमध्ये मिळून एकच असतो. हिशेब असा की ४ चा पातळीइतका घात घ्या, त्याला १० ने गुणा आणि २ मिळवा. म्हणजे पहिल्या पातळीला ४२, मग १६२, ६४२, २,५६२, १०,२४२, ४०,९६२ आणि सातव्या पातळीला १,६३,८४२. ट्रँगल अनुक्रमे ८०, ३२०, १,२८०, ५,१२०, २०,४८०, ८१,९२० आणि ३,२७,६८०. व्हर्टेक्समधून कडा वजा करून ट्रँगल मिळवले की कुठल्याही पातळीला उत्तर २ च यायला हवं, हे ऑयलरचं सूत्र आहे आणि बंद गोलासाठी त्याला अपवाद नाही.

आता तुमच्या प्रोग्रॅमला व्हर्टेक्सची संख्या छापायला लावा. ती सूत्रापेक्षा जास्त आली, कमी आली, की बरोबर आली, यावर पुढचा सगळा तपास ठरतो. एक सूचना, ही मोजणी टेक्स्चरसाठी शिवण (चित्राच्या दोन कडा जुळतात ती रेषा) कापण्याच्या आधी करा, कारण तिथे मुद्दाम जास्तीचे व्हर्टेक्स घालावे लागतात, ते पुढे येतंच आहे.

संख्या जास्त आली तर

पहिल्या पातळीला ७२, दुसऱ्या पातळीला ३१२, तिसऱ्या पातळीला १,२७२ असे आकडे दिसले तर निदान झालंच म्हणून समजा, तुमचे मध्यबिंदू शेअर होत नाहीयेत. प्रत्येक ट्रँगल आपापले तीन मध्य नव्याने बनवतोय आणि शेजारचा ट्रँगल त्याच जागी परत स्वतःचे बनवतोय, म्हणून दर पातळीला ट्रँगलच्या तिप्पट व्हर्टेक्स वाढतात. १२ अधिक ६० म्हणजे ७२, त्यात २४० मिळवले की ३१२, असं ते चालतं. आणि आकडा सरळ २४०, ९६०, ३,८४० असा आला तर तुमच्याकडे इंडेक्सच (यादीतले व्हर्टेक्सचे क्रमांक) नाहीयेत, प्रत्येक ट्रँगलचे तीन कोपरे सुटे सुटे आहेत.

दोन्ही प्रकारांत गोल लांबून अगदी छान दिसतो आणि तिथेच फसगत होते. त्रास सुरू होतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे तुम्ही नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा, शेडिंग तिच्यावरून ठरतं) काढताना आजूबाजूच्या फेसची सरासरी घेत असाल तर सुट्या व्हर्टेक्सला सगळे शेजारी दिसतच नाहीत, म्हणून शेडिंगमध्ये कडा उमटतात. दुसरं म्हणजे प्रत्येक व्हर्टेक्सला रँडम आकड्याने वर-खाली केलं की एकाच जागेच्या दोन प्रती दोन वेगळ्या उंचीवर जातात आणि गोलाला भेग पडते. नॉइज, म्हणजे उंचीसाठीचा रँडमसारखा आकडा, जर व्हर्टेक्सच्या जागेवरून काढत असाल तर दोन्ही प्रतींना सारखीच उंची मिळते आणि भेग पडत नाही, पण त्यातही एक बारीक खाच आहे. मध्य काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी केली तर इकडून काढा किंवा तिकडून, उत्तर शेवटच्या बिटपर्यंत तेच येतं. पण लर्प वापरून, म्हणजे पहिल्या टोकात फरकाचा अर्धा भाग मिळवून काढलं, तर कुठल्या टोकापासून सुरुवात केली यावर शेवटचा बिट बदलू शकतो, आणि मग कॅमेरा हलताना कडांवर एखाददुसरा पिक्सेल मध्येच चमकतो. असे चमकणारे पिक्सेल दिसले की लोक ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरवर संशय घेतात, पण आधी तुमचं मध्य काढायचं फंक्शन उघडून बघा.

उपाय एकच आणि जुनाच: कडेची नोंदवही ठेवायची. दोन टोकांचे इंडेक्स घ्या, लहान आधी मोठा नंतर असे लावा, त्या जोडीची की (शोधायची खूण) बनवा, डिक्शनरीत ती आधीपासून असेल तर तोच मध्य परत द्या, नसेल तर नवा बनवून नोंदवा. लहान-मोठं लावणं विसरू नका, कारण शेजारचे दोन ट्रँगल ती कड नेहमी उलट दिशांनी वाचतात, एकाला ती ५ ते ९ दिसते तर दुसऱ्याला ९ ते ५, आणि क्रम न लावता की बनवली तर नोंदवही असूनही काही उपयोग होत नाही, पुन्हा तेच ७२. प्रत्येक पातळीनंतर नोंदवही रिकामी केली तरी चालतं, जुन्या कडा पुढच्या पातळीला उरतच नाहीत, उगाच मेमरी अडवतात.

संख्या कमी आली तर

हा प्रकार कमी दिसतो पण जास्त भयंकर असतो, कारण इथे नसलेले शेजारी एकमेकांना चिकटलेले असतात आणि गोलाच्या आरपार लांबच लांब सुया गेलेल्या दिसतात. कारण जवळजवळ नेहमी की बनवण्यात असतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे दोन इंडेक्स मध्ये काही चिन्ह न घालता स्ट्रिंग म्हणून जोडणं. १ आणि ११२ जोडले तर १११२, आणि ११ आणि १२ जोडले तरी १११२! दोन वेगळ्या कडा, की एकच. यातली मेख अशी की पहिल्या दोन पातळ्यांना हे दिसूच शकत नाही, कारण तोवर इंडेक्स एक किंवा दोन अंकी असतात आणि लहान-मोठा क्रम लावलेला असल्यामुळे जोडी ओळखू येते. तिसरी पातळी बनवताना १६२ व्हर्टेक्स हातात असतात, तीन अंकी इंडेक्स येतात, आणि तिथून पुढे टक्कर होऊ शकते. म्हणून "दोनपर्यंत व्यवस्थित होतं, तीनला फाटलं" असं कुणी म्हटलं की मी आधी की बघतो. मध्ये एक स्वल्पविराम टाकला की प्रश्न मिटला.

तोच प्रकार आकड्यांच्या कीमध्येही आहे. लहान इंडेक्स १६ बिट सरकवून त्यात मोठा मिळवायचा ही पद्धत ६५,५३६ व्हर्टेक्सपर्यंत चालते, म्हणजे सहाव्या पातळीवरून सातवी बनवेपर्यंत तुम्हाला काही कळणार नाही आणि आठवीला सगळं विस्कटेल. ६४ बिटचा इंटिजर घ्या आणि ३२ बिट सरकवा, विषय संपला.

आणखी एक मंडळी आहेत जी नोंदवही ठेवत नाहीत, सरळ शेवटी जवळजवळचे व्हर्टेक्स अंतर बघून एकत्र करतात. छोट्या पातळ्यांना चालतं. पण दर पातळीला कड निम्मी होत जाते हे लक्षात घ्या, एकक त्रिज्येच्या गोलात सातव्या पातळीला सगळ्यात लहान कड जेमतेम ०.००८७ असते, त्यामुळे मर्यादा ०.०१ ठेवली असेल तर खरेखुरे शेजारीच एकमेकांत विलीन होतात आणि मेश आक्रसून जाते. इंडेक्सवरून ओळखणं शक्य असताना अंतरावर विसंबणं मला कधीच पटलेलं नाही.

संख्या बरोबर आहे तरी बिघडलाय

आता व्हर्टेक्स मोजून झाले, आकडा चोख आला, तरी गोल नीट दिसत नाही. मग पुढचे दोन आकडे काढा: केंद्रापासून प्रत्येक व्हर्टेक्सचं अंतर, त्यातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, आणि दुसरा आकडा सगळ्या मेशचं घनफळ.

अंतर दोन्हीकडे त्रिज्येइतकंच यायला हवं, सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटच्या दशांश आकड्यांत) सहाव्या-सातव्या दशांश स्थानाला फरक आला तर सोडून द्या. एकक गोलात पहिल्या पातळीला सगळ्यात कमी अंतर ०.८५०७ आलं तर मध्यबिंदू बाहेर ढकलायचं राहून गेलंय, तुम्ही फक्त सपाट फेसचे तुकडे केलेत. पातळी वाढवत गेलात तर हा आकडा ०.७९४७ कडे सरकत जातो, कारण तेवढं आयकोसाहेड्रॉनच्या फेसच्या मध्याचं केंद्रापासूनचं अंतर आहे. "पाच हजार ट्रँगल घातले तरी वीसच फेस दिसतात" ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. मध्य काढला की त्याची लांबी (केंद्रापासूनचं अंतर) काढायची, तिन्ही कोऑर्डिनेट तिने भागायचे (हेच नॉर्मलाइज करणं), त्रिज्येने गुणायचं. गोलाचं केंद्र ओरिजिनला (०,०,० ला) नसेल तर आधी केंद्र वजा करा, मग नॉर्मलाइज, मग केंद्र परत मिळवा, नाहीतर नवे पॉइंट सगळे ओरिजिनच्या दिशेने ओढले जातात आणि गोल एका बाजूने पिचकतो. त्यापेक्षा बरं म्हणजे गोल नेहमी ओरिजिनला एकक त्रिज्येचाच बनवावा आणि हलवणं-मोठं करणं ट्रान्सफॉर्मवर सोपवावं.

सुरुवातीचे १२ पॉइंट तपासायचे असतील तर ते सोपं आहे. शून्य, अधिक-उणे १ आणि अधिक-उणे १.६१८ या आकड्यांना चक्राकार फिरवून ते मिळतात, आणि एकक लांबीचे करून घेतले की १ चे ०.५२५७३१ होतात आणि १.६१८ चे ०.८५०६५१. ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीच्या जुन्या उदाहरणांतून अनेकांनी हेच दोन आकडे उचललेले असतात. दोघांचे वर्ग मिळवून बघा, १ यायला हवा.

घनफळाचं गणित असं: प्रत्येक ट्रँगलचे तीन कोपरे घ्या, दुसऱ्या आणि तिसऱ्याचा क्रॉस प्रॉडक्ट काढा, त्याचा पहिल्याशी डॉट प्रॉडक्ट घ्या, ६ ने भागा, सगळ्यांची बेरीज करा. एकक त्रिज्येच्या आयकोसाहेड्रॉनला २.५४ येतं, पहिल्या पातळीला ३.६६, आणि पुढे ते ४.१९ च्या जवळ जात राहतं. उत्तर उणे आलं तर सगळा गोल आतून बाहेर उलटलाय. अधिक आलं पण अपेक्षेपेक्षा कमी, तर काही ट्रँगल उलटे आहेत, आणि बॅकफेस कलिंग, म्हणजे पाठमोरे ट्रँगल न रंगवणं, चालू असल्यामुळे तेच तुम्हाला भोकं म्हणून दिसतायत.

भोकांचा आकार बघूनही चूक कुठली ते सांगता येतं. मूळ वीसपैकी एका फेसएवढं मोठं भोक असेल तर हाताने लिहिलेल्या वीस फेसच्या यादीत एक ओळ उलटी लिहिली गेलीय. पहिल्याच पातळीला प्रत्येक मोठ्या ट्रँगलच्या पोटात एक लहान ट्रँगल गायब असेल तर चार तुकडे करताना मधल्याचा क्रम उलटलाय. कोपरे क, ख, ग घड्याळाच्या उलट दिशेने धरा, आणि क-खचा मध्य च, ख-गचा मध्य छ, ग-कचा मध्य ज धरा. चार ट्रँगल असे होतात: क-च-ज, ख-छ-च, ग-ज-छ, आणि मधला च-छ-ज. कागदावर एकदा काढून बोट फिरवून बघा, चारही वेळा बोट एकाच दिशेने फिरलं पाहिजे. भोकं दिसतायत म्हणून कलिंगच बंद करून टाकायचं हा सल्ला कुठेही मिळतो, कृपा करून ऐकू नका, मेश उलटीच राहते आणि पुढे सावल्या नाहीतर फिजिक्स इंजिन गंडतं.

पैलू दिसतायत

संख्या, अंतर, घनफळ सगळं बरोबर आणि तरी पैलू दिसतायत, तर नॉर्मल तपासा. ओरिजिनला असलेल्या गोलाचा नॉर्मल म्हणजे त्या व्हर्टेक्सची दिशाच, वेगळं काही मोजावंच लागत नाही. फेसवरून नॉर्मल काढणारं तयार फंक्शन वापरलं आणि व्हर्टेक्स सुटे असले की पैलू येणारच. गोल एका दिशेने चपटा केलात तर मात्र ही सवलत जाते, तिथे नॉर्मलला ट्रान्सफॉर्मचा इन्व्हर्स ट्रान्सपोज लावावा लागतो.

पण नॉर्मल कितीही गुळगुळीत केले तरी गोलाची बाहेरची रेघ, म्हणजे पार्श्वभूमीसमोर दिसणारी कड, ती ट्रँगलचीच राहते. या एका कामासाठी पातळी वाढवणं खरंच योग्य आहे आणि किती वाढवायची याचा हिशेब करता येतो. मेश गोलाच्या आत असते, कोपरे पृष्ठभागावर आणि ट्रँगलचा मध्य आत दबलेला. हा दबाव शून्य पातळीला त्रिज्येच्या २०.५ टक्के, पहिल्या पातळीला ६.६ टक्के, दुसऱ्या पातळीला १.८ टक्के असतो, आणि पुढे दर पातळीला साधारण चौथा हिस्सा होत जातो, म्हणजे तिसरीला अर्ध्या टक्क्याच्या आत आणि चौथीला ०.१ टक्क्याच्या आसपास. स्क्रीनवर गोलाची त्रिज्या ५०० पिक्सेल असेल तर तिसऱ्या पातळीला जास्तीत जास्त दोनसव्वादोन पिक्सेल चूक आणि चौथ्या पातळीला अर्धा पिक्सेल. म्हणजे चौथी पुरे! त्याच्या पुढे सरसकट जाण्यात फक्त कार्ड तापतं. कोलिजन (टक्कर तपासणं) खऱ्या गोलाने आणि चित्र मेशने होत असेल तर वस्तू जमिनीपासून किंचित वर तरंगताना दिसतात, तेही याच दबावामुळे, तिथे पातळी वाढवा किंवा मेश तेवढ्या टक्क्यांनी फुगवा.

ट्रँगल सारखे का नाहीत

यावर लोक फार अस्वस्थ होतात, म्हणून सांगतो, ही चूक नाहीये. सगळे ट्रँगल एकसारखे ठेवून गोल हवा तितका बारीक करत नेणं शक्यच नाही. पहिल्याच पातळीला कडांच्या दोन लांब्या होतात, ०.५४६५ आणि ०.६१८०, आणि मधला ट्रँगल कोपऱ्यातल्यापेक्षा क्षेत्रफळाने सुमारे १.१९ पट मोठा असतो. जिओडेसिक डोम (ट्रँगलच्या जाळीचे घुमट) बांधणारे लोक दांड्या कापायला हेच दोन आकडे वापरतात. ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे, अभियंता वॉल्टर बाउअर्सफेल्डने जर्मनीत येना इथे १९२० च्या दशकात प्लॅनेटेरियमचा घुमट याच आयकोसाहेड्रॉनवरून बांधला आणि वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलरला त्याच्या घुमटांचं अमेरिकन पेटंट १९५४ ला मिळालं. तुमच्या पहिल्या पातळीच्या मेशमध्ये याशिवाय तिसरी लांबी सापडली तर मात्र नक्की काहीतरी चुकलंय.

फरक किती राहील हे तुमच्या पद्धतीवर आहे. दर पातळीला नॉर्मलाइज केलं तर दुसऱ्या पातळीला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान ट्रँगल यांचं गुणोत्तर १.२७ च्या आसपास असतं. सपाट फेसचे आधी सगळे तुकडे करून शेवटी एकदाच बाहेर ढकललं तर बारीक मेशमध्ये फेसच्या मध्यावरचे ट्रँगल कोपऱ्यातल्यांच्या जवळपास दुप्पट होतात. आणि सुरुवात ऑक्टाहेड्रॉनपासून केली तर पहिल्याच पातळीला कडांचं गुणोत्तर १.३१, टेट्राहेड्रॉनपासून केली तर १.५४, आयकोसाहेड्रॉनचं फक्त १.१३. म्हणून आयकोसाहेड्रॉन.

तसंच मूळच्या १२ व्हर्टेक्सवर कितीही पातळ्या केल्या तरी पाचच ट्रँगल भेटणार, बाकी सगळीकडे सहा. वायरफ्रेममध्ये ते बारा ठिपके वेगळे दिसतात, ते घालवता येत नाहीत, ऑयलरचं सूत्रच ते मागतं. उलट तपासायला उपयोगी आहेत, पाच ट्रँगलवाले व्हर्टेक्स मोजा, १२ पेक्षा वेगळा आकडा आला तर शेअरिंगमध्ये गडबड आहे.

टेक्स्चरची शिवण आणि ध्रुव

हा माझ्या मते सगळ्यात चिवट भाग. रेखांशावरून यू आणि अक्षांशावरून व्ही (टेक्स्चरमधली आडवी आणि उभी जागा, शून्य ते एक) काढला की एका उभ्या रेषेवर यू ०.९८ वरून एकदम ०.०२ वर येतो. त्या रेषेवरून जाणाऱ्या ट्रँगलच्या एका कोपऱ्याला ०.९८ आणि दुसऱ्याला ०.०२ मिळतो, कार्ड बिचारं मधल्या सगळ्या किमती भरतं, आणि पृथ्वीचा अख्खा नकाशा उलटा होऊन त्या एका ट्रँगलमध्ये कोंबला जातो. नेहमीच्या नकाशात ही रेषा १८० अंश रेखांशाला, पॅसिफिकमध्ये फिजीच्या आसपास येते, आणि आयकोस्फिअरच्या कडा रेखांशावरून सरळ जात नसल्यामुळे ती पट्टी दातेरी दिसते. पातळी वाढवली की पट्टी अरुंद होते, जात नाही.

सोडवायचं असं. सगळे ट्रँगल फिरून बघा, ज्याच्या कोपऱ्यांच्या यूमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त फरक आहे त्याच्या लहान यूवाल्या व्हर्टेक्सची प्रत काढा, प्रतीच्या यूमध्ये १ मिळवा, ट्रँगलला ती प्रत द्या. मूळ व्हर्टेक्सला हात लावू नका, तो पलीकडच्या ट्रँगलला हवा असतो. टेक्स्चरचं रॅपिंग (शून्य ते एकच्या बाहेर काय दाखवायचं ते) रिपीटवर ठेवा, क्लॅम्पवर असेल तर १.०२ कडेलाच अडकून रंग ओघळल्यासारखा दिसेल.

ध्रुवावर वेगळंच दुखणं आहे. वर सांगितलेले १२ पॉइंट घेतले तर तिन्ही अक्ष कडांच्या मध्यातून जातात, म्हणजे पहिल्या पातळीपासून बरोब्बर ध्रुवावर एक व्हर्टेक्स बसतो आणि त्याला रेखांशच नसतो. रेखांश काढणाऱ्या एटॅन२ फंक्शनला दोन्ही शून्य दिले की तो मुकाट्याने शून्य देतो, मग ध्रुवाभोवतीच्या सहाही ट्रँगलला तोच एक यू मिळतो आणि टेक्स्चर पिळलेलं दिसतं. त्या व्हर्टेक्सच्या सहा प्रती करा आणि प्रत्येक प्रतीला आपापल्या ट्रँगलच्या उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या यूची सरासरी द्या, पण शिवण दुरुस्त केल्यानंतर, आधी नाही.

यू फ्रॅगमेंट शेडरमध्ये, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या कार्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, पिक्सेलगणिक काढला तर दातेरी पट्टी जाते पण तिच्या जागी एक पिक्सेल रुंदीची रेघ राहते, कारण शेजारच्या पिक्सेलमधला यूचा फरक प्रचंड दिसल्यामुळे कार्ड तिथे सगळ्यात पुसट मिपमॅप (टेक्स्चरची लहान केलेली प्रत) उचलतं. तिथे यू दोन प्रकारे काढा, एक शून्य ते एक आणि दुसरा उणे अर्धा ते अधिक अर्धा, आणि ज्याचा डेरिव्हेटिव्ह (शेजारच्या पिक्सेलशी फरक) लहान तो वापरा. तुमच्या हातात असेल तर माझ्या मते क्यूबमॅपच (सहा चौकोनी चित्रांचं टेक्स्चर) घ्या, व्हर्टेक्सची दिशा थेट टेक्स्चरला द्यायची, ना शिवण ना ध्रुव.

टूलमुळे होणारे घोळ

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या आयकोस्फिअरमध्ये सबडिव्हिजन १ म्हणजे नुसता आयकोसाहेड्रॉन, म्हणून तिथला २ हा आपल्या हिशेबातला पहिला, ४२ व्हर्टेक्सचा. आकडे जुळत नाहीत म्हणून आधी हे बघा.

थ्री जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत डिटेल वाढवला की ट्रँगल चौपट व्हायचे, नव्या आवृत्त्यांत डिटेल म्हणजे कडेचे किती तुकडे याचा आकडा आहे, डिटेलमध्ये एक मिळवून वर्ग करा आणि २० ने गुणा. डिटेल ५ ला आधी २०,४८० ट्रँगल यायचे, आता ७२० येतात, म्हणून लायब्ररी अपडेट केल्यावर गोल अचानक ओबडधोबड झाला तर कोड बिघडलेला नाही, डिटेल वाढवा. तिथले व्हर्टेक्स सुटेच असतात, त्यामुळे ट्रँगलच्या तिप्पट संख्या दिसली तर दचकू नका, पण त्यावर रँडम उंची लावणार असाल तर आधी एकत्र करून घ्या.

युनिटी या गेम इंजिनात मेशचे इंडेक्स मुळात १६ बिटचे असतात, सहाव्या पातळीचे ४०,९६२ मावतात, सातवीचे मावत नाहीत आणि गोलाचा चिंधड्या-चिंधड्या झालेला तुकडा दिसतो. इंडेक्स फॉरमॅट ३२ बिट करा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबजीएलच्या पहिल्या आवृत्तीत यासाठी वेगळं एक्स्टेन्शन चालू करावं लागतं.

पृथ्वीएवढा गोल थरथरतोय

त्रिज्या मीटरमध्ये ६३,७१,००० दिली आणि सिंगल प्रिसिजन वापरलं की त्या आकाराच्या आकड्यांत लागोपाठच्या दोन किमतींमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर असतं. लांबून काही कळत नाही, कॅमेरा जमिनीजवळ नेला की डोंगर थरथरायला लागतात. इथेही ट्रँगल वाढवून काही होत नाही. पॉइंट डबल प्रिसिजनमध्ये काढा, कॅमेऱ्याची जागाही डबलमध्ये ठेवा, वजाबाकी सीपीयूवर डबलमध्येच करा आणि उरलेला लहान फरक तेवढा सिंगलमध्ये कार्डकडे पाठवा. आणि जवळच्या भागातच पातळी वाढवत असाल तर जाड आणि बारीक ट्रँगलच्या सीमेवर बारीक बाजूचा मध्यबिंदू जाड बाजूला नसतो, तिथे भेग पडते. जाड बाजूच्या ट्रँगलचे त्या मध्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन तुकडे करा, दोन कडांना बारीक शेजारी असतील तर तीन करा, आणि शेजाऱ्यांमध्ये एका पातळीपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.